मधला ठिपका

मंदार, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आम्ही बायका घाटाच्या पायऱ्यांवर नीट उभ्याही राहिलो नव्हतो. गुरुजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला आणि कावळा हजर. सगळे म्हणाले, "बघा, पोराची काही इच्छा राहिली नव्हती. समाधानानं गेला." तुझी मावशी हात जोडून रडली. आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! अरे, थोडा वेळ तरी ताटकळत ठेवायचंस सगळ्यांना. मग लोकांनी डोकं खाजवलं असतं, पोराच्या मनात काय राहिलं असेल बरं, आणि कुणाला तरी माझं नाव सुचलं असतं. काही राहिलं नव्हतं म्हणे! माझ्या दारात येऊन एक वाक्य बोलायचं राहिलं होतं, गाढवा. "वैशाली, तो गेम आपल्या दोघांचा होता." एवढंच. याला काय जीभ झिजत होती?

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. चांगलं बोलायला पुण्याहून गाडी भरून माणसं आली होती, त्यांचं बोलून झालंय. आणि पूर्वी भांडताना तुला सरळ "मेल्या" म्हणता यायचं, तीही सोय तू ठेवली नाहीस.

सिडकोत आपल्या दोन घरांना मिळून एक भिंत. तुझे बाबा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे, त्यामुळे दिवसभर टीव्ही मोकळा असायचा, आणि त्या टीव्हीला एका दिवाळीत तुझा तो व्हिडिओ गेम जोडला गेला. मग काय, अख्ख्या गल्लीची पोरं तुझ्या घरात. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. प्रत्येकाची फुंकर वेगळी, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपल्याच फुंकरीनं चालते. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, आत हजारो गेम आहेत. असायचे मोजून बोटांवर, तेच तेच, रंग बदलून आणि नाव बदलून पुन्हा आलेले. तू ती पूर्ण यादी शेवटपर्यंत उघडून बघितली होतीस आणि जेवायचं सोडून बसला होतास. "हे लोक खोटं लिहितात," म्हणालास. तुझी आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "आरं, मग बाजारात काय खरं लिहून मिळतं व्हय? जेव आता." काकू वणीकडच्या, त्यांना मंडईत कोणता माल वर आणि कोणता तळाशी ठेवतात ते पक्कं ठाऊक.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं लिहायलाच हवी, नाहीतर मीही त्या कॅसेटवाल्यांसारखीच होईन. गल्लीतल्या पोरांचं म्हणणं होतं की मुलीला पहिला रिमोट द्यायचा नाही. दुसरा द्यायचा, तोही कुणी नसेल तर. तू माझ्या हातात पहिला दिलास आणि म्हणालास, "ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. ज्याला पटत नाही त्यानं घरी जावं." कुणी गेलं नाही. गंगापूर रोडला व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं तेव्हा तर आणखी कमाल केलीस. ती मोठी उभी मशिनं बघायला आपण सायकलवरून किती उड्या मारत गेलो होतो! दारातच मालक म्हणाला, "पोरींना आत नाही." तू मागे वळलास आणि सायकलवर टांग टाकलीस. इतके दिवस त्या मशिनांची स्वप्नं बघितली होतीस, आणि एकदा आत डोकावलंसुद्धा नाहीस. परत येताना रस्ताभर मीच रडत होते, तू मला उसाचा रस पाजलास. म्हणून तर राग जास्त येतो. मुळात नालायक असतास तर मी एक शिवी दिली असती आणि कामाला लागले असते.

आपलं पहिलं मोठं भांडण आठवतं? एका कॅसेटमधल्या गेममध्ये एक दरी होती आणि तिच्यावरचा पूलच गायब होता. कॉपी करणाऱ्यानं कुठेतरी घोळ घातला असणार. मे महिन्याची सगळी सुट्टी आपण त्या दरीत उड्या मारून मेलो. शेवटी तू रिमोट आपटलास. "जो गेम पुरा होऊच शकत नाही तो गेम नाही, फसवणूक आहे. बनवणाऱ्यानं खेळणाऱ्याला शब्द दिलेला असतो की वाट आहे." मी म्हटलं, "पण मजा आली ना खेळायला?" "मजेचं काय घेऊन बसलीस!" हे भांडण आपण कॉलेजात गेलो तरी चालूच होतं. आणि खरं सांगते, तू मला पटवलंस. कुठलाही गेम हातात घेतला की आजही मला पहिल्यांदा तेच वाटतं, की कुणीतरी आधी इथून जाऊन बघितलेलं आहे, वाट आहे.

रांगोळीवर येते आता. टाळत होते.

सकाळी आमच्या दारात मी रांगोळी काढायची, आणि तुमच्याही दारात मीच, कारण काकूंच्या मागे डब्याची घाई. तू तोंडात ब्रश घालून उंबऱ्यात उभा राहायचास आणि मग सगळी रांगोळी ओलांडून, कधी तुडवून, पेपर आणायला जायचास. मी पुस्तकातल्या काढत नव्हते, हे तुला माहीत होतं. पुस्तकातली एकदा काढली की मला कंटाळा यायचा. मी माझे ठिपके टाकायची आणि माझी रेघ शोधायची. एकच रेघ, कुठे न तोडता, सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून जिथून निघाली तिथे परत. चिमूट संपली तर भरून घ्यायची, पण रेघ जिथे थांबली तिथूनच पुढे. कधी कधी आंघोळीच्या वेळी डोक्यात एखादी यायची आणि मी ओल्या केसांनी बाहेर पळायची. आई ओरडायची, "अगं, सर्दी होईल!"

तू डिप्लोमाला होतास तेव्हा एकदा तो ब्रश तोंडातून काढून म्हणालास, "ए वैशे, हे तर पिक्सेल आहेत." मी म्हटलं, "फेस गळतोय, तो आधी पूस." पण तू पेटला होतास. मी तेव्हा गंगापूर रोडच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले होते. दुपारी बॅच सुटली की एक मशीन रिकामं असायचं. तिथे आपण बसलो. तू कोड लिहायचास, मी शेजारच्या फळ्यावर ठिपके टाकायची. मोबाइलचा तो एवढासा पडदा, त्यावर ठिपके, आणि खेळणाऱ्यानं अंगठ्यानं रेघ ओढत न्यायची. खेळातला जीव म्हणजे रांगोळीच्या भुकटीची चिमूट. चिमूट संपायच्या आत पुढची भुकटीची वाटी गाठायची. वाट्या कुठे ठेवायच्या यावरून तर आपण हमरीतुमरीवर आलो होतो, क्लासचा शिपाई मध्ये पडला. किती मजेत होते मी, मंदार. तेवढी नंतर कधीच नव्हते.

ज्यांनी कधी रांगोळी काढली नाही त्यांच्यासाठी सांगते, तूही त्यांतलाच. ठिपके टाकायच्या दोन रीती. एक समोरासमोर, म्हणजे ओळीखाली ओळ, ठिपक्याखाली ठिपका. दुसरी मधला ठिपका, म्हणजे खालच्या ओळीचा ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे. रांगोळीवाल्या बायका बोलतानाच तसं बोलतात, "नऊ ते पाच, मधला ठिपका," म्हणजे मधल्या ओळीत नऊ ठिपके आणि दोन्हीकडे एकेक कमी करत पाचापर्यंत. कॉम्प्युटरला समोरासमोर आवडतं, सगळं चौकटीत. तुलाही तेच आवडायचं. प्रत्येक वेळी मधला ठिपका आला की मला म्हणावं लागायचं, "अर्धा सरकव. मंदार, अर्धा सरकव." आणि तू कुरकुरत सरकवायचास.

मग पुण्याच्या कंपनीत तुझी मुलाखत. "दाखवायला आपला गेम घेऊन जातो गं. काम झालं की तुझं नाव आधी घालतो." गेलास. नोकरी लागली. पेढे आणलेस, मी दोन खाल्ले. नंतर फोन कमी झाले. मी म्हटलं, नवीन नोकरी आहे, चालायचंच.

आणि एका दुपारी क्लासातला एक विद्यार्थी मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हा गेम बघा, सॉलिड आहे." इंग्रजी नाव, कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी कंपनीचं चिन्ह. उघडला तर माझं अंगण. माझी पहिली रांगोळी, दुसरी, तिसरी. वाट्यासुद्धा जिथे मी ठेवा म्हटलं होतं तिथेच. मेनूत शेवटी माहितीचं पान होतं. 'संकल्पना आणि रचना', खाली एकटा तू. पोरगं विचारत होतं, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, छान आहे," आणि पुढचा तास शिकवला. काय शिकवलं ते देवाला ठाऊक.

फोनवर काय म्हणालास ते शब्दन् शब्द लक्षात आहे. "अगं, रांगोळी काय कुणा एकाची असते? परंपरा आहे ती. सगळ्या बायका काढतात." मी म्हटलं, "कोडही सगळी पोरं लिहितात. मग तुझं नाव कशाला?" तू म्हणालास, "ते वेगळं." काय वेगळं? ते तू पँट घालून खुर्चीवर बसून करतोस आणि मी उकिडवी बसून करते, एवढंच? तू फोन ठेवलास. चोर तो चोर, वर शिरजोर!

मला सूड घ्यायचा होता. तुझ्या साहेबांना पत्र लिहायचं ठरवलं, काकूंना सांगायचं ठरवलं, सगळ्या गल्लीसमोर तुझी अब्रू काढायचं ठरवलं. काही केलं नाही. नुसती तो गेम खेळत बसले, माझ्याच रांगोळ्या, पैसे न घेता कुणाच्या तरी दारात काढाव्यात तशा. आणि शेवटच्या लेव्हलला आले. ती आपण दोघांनी बसवलेली नव्हती. ती मी तुला नोकरी लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीत तुमच्या दारात काढली होती, तू सुट्टीवर आला होतास आणि बराच वेळ वाकून बघत होतास. म्हणजे पाठ करून नेलीस आणि पुण्याला एकट्यानं बसवलीस. पडदा उघडला आणि मी क्लासात एकटीच मोठ्यानं हसले. ठिपके समोरासमोर! नऊ ते पाच, मधला ठिपका असलेली रांगोळी, आणि गड्यानं सगळे ठिपके रांगेत उभे केलेले. अर्धा सरकव म्हणायला शेजारी कुणी नव्हतं ना! तशी ती रेघ पुरी होऊच शकत नाही. काहीही करा, कोपऱ्यातला एक ठिपका बाहेर राहतोच. आणि मला विचारावं म्हटलं तर कुणाची रांगोळी ते कबूल करावं लागलं असतं.

जगभरची माणसं तिथे अडकली. मला वाटलं, आता सापडला. कसला सापडतोस! कुठल्याशा मासिकात तुझी मुलाखत आली. शेवटची लेव्हल पुरी का होत नाही, असं विचारल्यावर तू म्हणालास की ती मुद्दाम तशी ठेवली आहे, आयुष्यही कधी पूर्ण होत नसतं. नाचता येईना, अंगण वाकडं! ज्या पोरानं पूल नाही म्हणून रिमोट आपटला होता, तो आता तत्त्वज्ञान सांगत होता. लोकांना ते इतकं आवडलं की तुझं प्रमोशन झालं म्हणे.

पुढच्या दिवाळीला तू आलास. मी आमच्या दारात रांगोळी काढत होते, मुद्दाम तीच. तू फाटकापाशी थांबलास. मी वर बघितलं नाही, पण तुझं बोट हवेत हलताना मला दिसलं. ठिपके मोजत होतास. मग बोट थांबलं. तुला कळलं, मंदार. तेव्हा मी वर बघितलं, तुझ्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मी चिमूट सोडत म्हटलं, "अर्धा सरकवायचा असतो." तेवढ्यावर तू बोलू शकला असतास. फाटक उघडून, चप्पल न काढता, नुसतं "चुकलो" म्हटलं असतंस तरी मी लाडू दिला असता. तू आत वळून माझ्या आईला म्हणालास, "काकू, चकल्या कशा झाल्यात यंदा?" आणि रांगोळीला वळसा घालून, अगदी न तुडवता, आत गेलास. तेवढ्या एका वर्षी तू ती तुडवली नाहीस.

नंतर आपण बोललो नाही. मी गेम खेळत राहिले. वाईट सवय ही तूच लावलीस. आणि आता कुठलाही गेम संपला की मी नावं बघते. सिनेमात चहा देणाऱ्याचंही नाव येतं. गेममध्ये एक चिन्ह फिरत येतं आणि संपलं. ते झाड कुणी काढलं, ती उडी एवढीच लांब का हे कुणी ठरवलं, कुणाच्या बहिणीनं, कुणाच्या मैत्रिणीनं पहिल्यांदा खेळून सांगितलं की इथे फार अवघड होतंय, कुणाला पत्ता नाही. तुझ्या कंपनीनं गेम बनवला, परदेशातल्या कंपनीनं आपला म्हणून विकला, म्हणजे तुलाही त्यांनी पुसलंच होतं, मेनूतल्या त्या शेवटच्या पानावर ढकलून. ज्यानं तुला लुटलं त्याला तू साहेब म्हणालास आणि येऊन मला लुटलंस. हे मला कधीच माफ करता आलं नाही, आणि आता तर करणारच नाही.

काल घाटावरून आम्ही तुमच्या घरी आलो. दारात अर्थात रांगोळी नव्हती. तुझे मोठे साहेब खुर्चीवर बसले, बाकीचे सतरंजीवर. साहेब बोलायला लागले. मंदार आमच्या कुटुंबातला होता, वगैरे. मग म्हणाले, "त्यानं शेवटची लेव्हल अपूर्ण ठेवली होती. आज कळतं की त्याला जणू आधीच सगळं दिसलं होतं." सगळ्यांनी चुकचुक केली. मी पदर तोंडात धरला. लोकांना वाटलं, रडते आहे.

"आजीच्या रांगोळ्या होत्या ना त्या?" साहेबांनी काकूंना विचारलं. "तो सांगायचा."

म्हणजे मला तू आजी केलंस!

काकू इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याची आजी तर तो पाळण्यात असतानाच गेली. रांगोळ्या हिच्या हायेत. वैशूच्या. माझ्या दारात वर्षानुवर्षं हीच काढती. समदी गल्ली सांगंल."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, तुझे ते सगळे पुणेकर मित्रही. मंदार, एवढ्या वर्षांत मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हा होता. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पण काकूंच्या अंगावर अजून तीच सुती साडी होती, घाटावर भिजलेली, आणि मी ते गिळलं.

साहेब हुशार माणूस. त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, नवीन मोबाइलसाठी गेम पुन्हा काढतोय, मंदारच्या स्मरणार्थ. तुमचं नाव घालायला आम्हाला आनंदच होईल. "आणि शेवटच्या लेव्हलचं उत्तर तुम्हाला माहीत असेल तर..."

"नाही," मी म्हटलं. "माझ्या बाकीच्या सगळ्या. त्यांवर माझं नाव घाला, पूर्ण, आडनावासकट. शेवटच्या लेव्हलला हात लावू नका. ती जशी आहे तशीच राहू दे. ती माझी नाही. तिच्यावर त्याचं नाव घाला, तिथेच, ठिपक्यांच्या वर, मोठ्या अक्षरात. ती एकट्या मंदारची."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. "शेवटची फक्त त्याची! किती मोठं मन आहे हो तुमचं," म्हणाले. तुझे मित्रही डोळे पुसायला लागले. एकानं तर लगेच टिपून घेतलं. मी मान खाली घालून बसले.

माणसं गेल्यावर मी आणि काकू भांडी आवरत होतो. काकूंनी विचारलं, "तुला ती शेवटची येती ना?"

"येते."

"मग सांगितली का नाय?"

"त्यानं त्याची म्हटली ना? असू दे त्याची."

काकूंनी हातातलं पातेलं पालथं घातलं. माझ्याकडे बघितलं, आणि हे सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच किंचित हसल्या. "लय खुनशी हायेस गं. त्याच्यासारखीच." आणि मग भांड्यांच्या टोपलीवर वाकून इतक्या रडल्या की मला त्यांना धरून बसावं लागलं. मीही रडले. आवाज करून रडले, तुझ्यासाठी.

तर आता असं झालंय बघ. लोक माझ्या सगळ्या रांगोळ्या पुऱ्या करत तुझ्यापर्यंत येतील आणि तुझ्या नावाखाली अडकतील. काही जण भाबडेपणानं हळहळतील. बाकीचे शिव्या घालतील, आणि त्या शिव्या निव्वळ तुझ्या, त्यातली एकही मला वाटून नको. सगळ्यांना वाटेल मी तुला मान दिला. मी काय दिलं ते फक्त तुला कळेल, आणि तू तर कुठे आहेस! तुला अन्याय वाटतोय? वाटायलाच हवा. मग ये. दणदणा दार वाजव, मला नाही नाही ते बोल, रिमोट आपट, म्हण की वैशे, ठिपके सरकव, माझं नाव खराब करू नकोस. मी नाही म्हणेन, तू पुन्हा म्हण. एवढं भांडण तरी पुरं करून जायचं होतंस रे.